अंकल शब्दाचा मूळ अर्थ

मला अंकल म्हणणाऱ्या त्या माणसाला दाढी होती. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढे ज्या ज्या लोकांनी 'एवढ्याशा गोष्टीवरून काय टिपणीस' असं म्हणून मला उडवून लावलं, त्यांतल्या एकानेही या दाढीचा विचार केला नाही. सप्टेंबर चौऱ्याऐंशी, मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावरचं आरेचं दूध केंद्र, सकाळचे सहा. मी रिकाम्या बाटल्या घेऊन रांगेत उभा होतो. मागून विचारणा झाली, "अंकल, लाइनमध्ये आहात की असेच उभे आहात?" वळून पाहिलं तर पुरा वाढलेला इसम. दाढी होती आणि तीही कोरलेली. त्याच्या कडेवर मूल असतं तरी शोभलं असतं.

मी त्या दिवशी एकोणचाळीस वर्षं सात महिन्यांचा होतो. वयाच्या बाबतीत माझा हिशेब चुकत नाही. अंधेरीला एका विमा कंपनीच्या ऑफिसात लोकांच्या वयाचे दाखले तपासायचं टेबल माझ्याकडे होतं. दाखल्यावरचं वय आणि समोरच्या माणसाच्या तोंडावरचं वय यांतला फरक मी नुसत्या नजरेने सांगत असे. आणि इथे एका दाढीवाल्याने माझा दाखला न मागताच निकाल देऊन टाकला होता.

घरी आल्यावर कुंदाला, म्हणजे बायकोला, सगळी हकीकत सांगितली. ती पीठ मळत होती. तिने विचारलं, "मग त्याने काय म्हणायला हवं होतं, चिरंजीव?"

तिथे विषय संपला असता. पण दिवसभर ऑफिसात मला तो शब्द टोचत राहिला आणि टोचता टोचता मी त्याचा विचार करू लागलो. आमच्या लहानपणी गिरगावात अंकल नावाचा प्राणी नव्हता. काका होता, मामा होता, मावशीचा नवरा मावसोबा होता, आणि आत्याचे यजमान होते, त्यांच्यासमोर पाय पसरून बसायचं नसे. कोणाकडून खाऊ मिळेल आणि कोणाकडून रट्टा, हे नुसत्या हाकेवरून कळत असे. आता मुलुंडच्या आमच्या 'सुमंगल' सोसायटीत सोळा बिऱ्हाडं, त्यांतले सोळाही पुरुष अंकल. वॉटर मीटर वाचायला येणारा अंकल, किराणावाला अंकल, मीही अंकल. मला वाटलं, हे थांबवलं पाहिजे. निदान माझ्यापुरतं. मुलांनी मला काका म्हणावं, एवढंच.

पण कुठलीही मोहीम शास्त्रशुद्ध असावी, म्हणून मी आधी तिसऱ्या मजल्यावर भाऊरावांकडे गेलो. भाऊराव कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांना लॅटिनही येत असे, आणि ते कोणाला सांगावं यासाठी ते रोज संध्याकाळी गॅलरीत उभे राहत. मला पाहून त्यांनी शब्दकोश काढला. तो काढायला दोघे लागलो.

"अंकल हा शब्द इंग्रजांचा नाहीच," त्यांनी सुरुवात केली. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून उचलला, फ्रेंचांना तो लॅटिनमधून मिळाला, आणि लॅटिनमध्ये मूळ शब्द अवुंकुलुस. अर्थ आईचा भाऊ. फक्त आईचा. बापाच्या भावाला रोमन लोकांत पात्रुउस असा वेगळा शब्द होता, आणि हा पात्रुउस पुतण्यांवर डाफरण्याबद्दल प्रसिद्ध होता. पुढे काळाच्या ओघात तो गेला आणि अवुंकुलुसच दोघांची कामं करू लागला.

म्हणजे अंकल म्हणजे मामा, असं मी हळूच विचारलं. भाऊराव म्हणाले, शंभर टक्के मामा. मला मनातून बरं वाटलं. मी कोणाच्याच आईचा भाऊ नाही, मला बहीणच नाही. तेव्हा मला अंकल म्हणणं हे लॅटिननुसारही चुकीचं ठरत होतं. मी उठणार, तेवढ्यात ते म्हणाले, थांब, अजून खाली आहे. अवुंकुलुस हाही मुळात तयार केलेला शब्द. 'अवुस' म्हणजे आजोबा. त्याला लाडाचा प्रत्यय लावून अवुंकुलुस. तेव्हा अक्षरशः अर्थ घ्यायचा तर, छोटे आजोबा.

मी पुन्हा बसलो.

भाऊराव रंगात आले होते. इंग्लंडात गहाणवट ठेवून घेणाऱ्यालाही अंकल म्हणतात, आणि कोणी न विचारता तोंडावर उपदेश करणारा असेल त्याला डच अंकल म्हणतात, हेही त्यांनी सांगितलं. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली नाही, कारण गेल्या सर्वसाधारण सभेत जिन्यात सायकली ठेवण्याविरुद्ध मीच अर्धा तास बोललो होतो.

छोटे आजोबा हा भाग मी गिळून टाकला आणि उरलेल्या संशोधनाच्या बळावर सोसायटीकडे रीतसर अर्ज केला. सेक्रेटरी चंद्रप्रकाश ठक्कर हा कच्छी माणूस, मराठी माझ्याइतकंच सफाईने बोलणारा, आणि नियमांच्या बाबतीत माझ्याहून कडक. त्याने अर्ज दोनदा वाचला आणि सांगितलं की याला विषयपत्रिकेत जागा नाही. पाणी, दुरुस्ती, गळती, असे विषय असतात. मी म्हटलं, 'इतर'मध्ये घाल. 'इतर'मध्ये आधीच मांजरांचा विषय होता. शेवटी मांजरांच्या खाली मला घेतलं.

समितीच्या सभेत माझ्यावर पस्तीस मिनिटं चर्चा झाली. एकाने विचारलं, किती वर्षांच्या मुलांना हा नियम लागू. दुसऱ्याने विचारलं, पाहुणी मुलं आली तर काय. खरी अडचण मात्र शेवटी आली. सोसायटीचं इतिवृत्त इंग्रजीत लिहायची पद्धत होती, आणि इंग्रजीत काकाला अंकलच म्हणतात. ठक्करने प्रामाणिकपणे जे व्हायचं ते लिहिलं. ठराव असा झाला की, श्री. टिपणीस यांना मुलांनी यापुढे अंकल न म्हणता अंकल म्हणावे. एकमताने मंजूर.

मी तक्रार केली तेव्हा ठक्करने मला बाजूला घेतलं. तो समजुतीने बोलला, आणि ते माझ्या लक्षात राहिलं. तो म्हणाला, "जयवंतभाई, आपल्याकडे मराठी आहेत, गुजराती आहेत, तमिळ आहेत, तो वरचा केरळचा आहे. प्रत्येकाच्या पोरांनी प्रत्येकाला काय म्हणायचं याचं पुस्तक काढायचं का? अंकल कोणाचाच नाही, म्हणून सगळ्यांना चालतो." मी त्याला म्हटलं, कोणाचाच नाही, हीच तर माझी तक्रार आहे. मग त्याने जिन्याखालचा फळा एक आठवडा वापरायची परवानगी दिली.

फळ्यावर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'सर्व बालसभासदांस कळविण्यात येते की, अंकल या शब्दाचा मूळ अर्थ आईचा भाऊ असा आहे. ज. वि. टिपणीस, ब्लॉक ७, हे इमारतीतील कोणाच्याही आईचे भाऊ नसल्याने त्यांना अंकल न म्हणता काका म्हणावे.' दोन दिवस मुलांनी ते वाचलं, आणि तळमजल्यावरच्या परबांची जयंती, वय वर्षं अकरा, माझ्या दाराशी येऊन विचारून गेली, "अंकल, बालसभासद म्हणजे आम्हीच का?"

तिसऱ्या दिवशी वरची टाकी धुवायची होती. ठक्करला सूचना लिहायला फळ्याची खालची बाजू हवी होती. तो अन्यायी माणूस नव्हे, त्याने लागेल तेवढंच पुसलं. संध्याकाळी मी आलो तेव्हा फळा असा होता: 'सर्व बालसभासदांस कळविण्यात येते की, अंकल या शब्दाचा मूळ अर्थ आईचा भाऊ असा आहे. ज. वि. टिपणीस, ब्लॉक ७, हे इमारतीतील' आणि खाली, 'टाकी उद्या धुणार. पाणी भरून ठेवावे.' टाकी धुतली गेली, पाणी आलं, माझ्या परवानगीचा आठवडाही संपला, पण फळा पुसण्याचं काम नेमकं कोणाचं, हे उपविधीत नसल्यामुळे तो मजकूर दिवाळीपर्यंत तसाच राहिला. येता जाता सगळ्या बायकांनी तो वाचला.

भाऊबीजेच्या सकाळी मी अंघोळ करून पेपर घेऊन बसलो होतो. बेल वाजली. दारात ठक्करची बायको, हातात तबक, तबकात निरांजन. ती हसत म्हणाली की तिचा भाऊ भुजला असतो, दरवर्षी भाईबीज कोरडी जाते, आणि फळ्यावर वाचलं. मी समजावण्यासाठी तोंड उघडलं, पण कुंदाने तोवर पाट मांडला होता. तिच्यामागून दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी आल्या. मग केरळवाल्यांच्या बाईही आल्या. त्यांच्यात हा सण नाही, पण सगळ्याजणी जात आहेत तर काही तरी असेल, असं त्यांना वाटलं. अकरा वाजेपर्यंत मी पाटावरून उठलो नव्हतो. ओवाळणीचं काय झालं ते सांगत नाही. कपाळावर कुंकवाचे इतके थर झाले होते की शेवटी आलेल्या बायांना ते कुठे लावावं असा प्रश्न पडू लागला.

सगळ्यांत शेवटी तळमजल्यावरच्या नलिनी परब आल्या. मालवणकडच्या. सासऱ्यांची उमर परळच्या गिरणीत गेली, नवरा गुणाजी मात्र बोटीवर लागला. तो एकदा गेला की नऊ नऊ महिने येत नसे. बाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी ओवाळलं, मी ताटात घातलं ते त्यांनी परत माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या की त्यांचा भाऊ धोंडू गावी आहे, त्याला त्यांनी मनात ओवाळलं. "पण हयसर पण एक असलेलो बरो," एवढं म्हणून त्या गेल्या. जाताना जयंतीला म्हणाल्या, पाया पड. जयंती पडली आणि म्हणाली, "हॅपी दिवाळी, अंकल."

दुपारी जेवताना मी कुंदापाशी हताश होऊन बोललो. म्हटलं, मी काका व्हायला निघालो आणि मामा झालो. ती हसेल असं वाटलं होतं. ती ताटातल्या अन्नाकडे पाहत म्हणाली, "तुम्हांला काय म्हणवून घ्यायचं होतं ते मला ठाऊक आहे. दाढीवाल्याचं निमित्त."

आमच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि आम्हांला मूल नव्हतं. हे मी आत्तापर्यंत सांगितलं नाही, कारण मोहिमेशी त्याचा काही संबंध आहे असं मला खरोखरच वाटलं नव्हतं. जेवण उरकलं. त्यानंतर मी फळा स्वतः ओल्या फडक्याने पुसून आलो आणि विषय सोडला. मुलं अंकल म्हणत राहिली. मीही ओ देत राहिलो.

मार्चमध्ये नलिनीबाईंना गावाहून तार आली. त्यांची आई विहिरीपाशी घसरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. जयंतीची वार्षिक परीक्षा चार दिवसांवर. तिला नेणंही शक्य नव्हतं आणि ठेवावं तर कुठे, असा प्रश्न घेऊन त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. कुंदाने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही, जयंतीचं दप्तर आणायला सांगितलं. त्या संध्याकाळच्या एसटीने गेल्या. जाताना त्या मला भाऊ म्हणाल्या, आणि तिला सांभाळा म्हणाल्या. सगळेच असं म्हणतात, त्यामुळे मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

जयंती आमच्याकडे मजेत होती. तिला मराठी आवडे, गणित मुळीच आवडत नसे. मी संध्याकाळी तिला काळ-काम-वेगाची उदाहरणं घालत असे आणि ती उदाहरणातल्या हौदात दोन तोट्या कशाला सोडता, असं विचारत असे. तिच्या परीक्षेपुरती मी रजा काढली होती. दुसऱ्या पेपरच्या दिवशी ती शाळेतून आली ती पोट धरून. आली आणि पलंगावर वळकटी होऊन पडली.

कुंदाने तिला कोमट पाणी दिलं. मी ओवा देऊन पाहिला. दार उघडं असल्यामुळे इमारत आत आली. भाऊरावांचं मत, परीक्षेची भीती. दुसऱ्या मजल्यावरून सूचना आली की बेंबीत हिंग भरा. ठक्करची बायको एरंडेलाची बाटली घेऊन आली. मी ती चमच्यात ओतणार होतो, पण कुंदाने माझा हात धरला आणि म्हणाली, आधी डॉक्टर. त्या एका वाक्याचा मी जन्मभर ऋणी आहे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पोटाच्या उजव्या बाजूला दाबून पाहिलं, पोर किंचाळली, आणि ते बाटलीकडे बघून म्हणाले, हे दिलं नाही ना? मग त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि रिक्षा थांबवायला स्वतः रस्त्यावर आले.

म्युनिसिपल हॉस्पिटलात दुपारी साडेतीनला सर्जनने तपासलं. अपेंडिक्स होतं, आणि थांबण्यासारखं नव्हतं. आई कुठे, बाप कुठे, असं त्याने विचारलं. आई मालवणच्या पुढे, बाप समुद्रात. तार केली तर पोचायला सकाळ होणार. बरोबर आलेला ठक्कर तार करायला धावला, पण त्याचा आत्ता उपयोग नव्हता. सर्जन म्हणाला की कोणी नातेवाईक नसेल तर वरिष्ठांच्या सहीने तो करू शकतो, पण ते मीटिंगला गेलेत, तास दीड तास जाईल, आणि तेवढा वेळ त्याला घालवायचा नाही. तुम्ही कोण?

मी म्हटलं, अंकल.

त्याने एक फॉर्म माझ्या हातात दिला आणि टेबलावर बसलेल्या सिस्टरकडे बोट केलं. तिच्या बिल्ल्यावर वनमाला असं नाव होतं. पन्नाशीची, चष्मा दोरीला बांधलेला. फॉर्मवर रुग्णाचं नाव, वय, आणि खाली नातं असा रकाना. मी तिथे अंकल लिहिलं आणि कागद पुढे केला. तिने तो वाचला आणि मला परत दिला.

"अंकल म्हणजे?" ती म्हणाली. "खरे, की बिल्डिंगवाले?"

तिने आवाज चढवला नाही. तिने मला सांगितलं की तिथे दिवसाला दहा अंकल येतात, जखमीला आणून सोडतात, धावपळ करतात, चांगले लोक असतात. पण सहीचा कागद पुढे केला की त्यांतले निम्मे पाणी प्यायला जातात ते परत येत नाहीत. "म्हणून नीट मराठीत लिहा. काका की मामा? पुढे काही झालं तर आम्ही त्याला बोलवणार."

काही झालं तर. मी त्या रकान्याकडे पाहत उभा राहिलो. इतके महिने मला जो शब्द हवा होता तो लिहायची पाळी आली होती आणि समोर कोणी दाढीवाला नव्हता, आत एक पोरगी कण्हत होती. मला पहिल्यांदा कळलं की नात्याचे शब्द हे हाका मारण्यासाठी नसतातच. ते अशा रकान्यासाठी असतात. रोमन लोकांनी आईच्या भावाला वेगळा शब्द का ठेवला असेल, तेही कळल्यासारखं वाटलं. आई नसेल तेव्हा कोणाला बोलवायचं, ते ठरलेलं असावं म्हणून. मला आत जाऊन वरिष्ठांची वाट पाहा म्हणता आलं असतं. तोही नियमच होता. कुंदा माझ्या मागे उभी होती.

मी अंकल खोडलं. बाजूला मामा लिहिलं आणि सही केली.

वनमाला सिस्टरने खाडाखोडीपाशी दुसरी सही मागितली. ती पण केली. तिने तारीख घातली, वेळ घातली, आणि जयंतीला आत नेलं.

बाकावर मी आणि कुंदा सव्वा तास बसलो. मी विमा कंपनीतला माणूस, अकरा वर्षांच्या मुलीला ऑपरेशनमध्ये धोका किती हे मला टक्क्यांत माहीत होतं. तो आकडा फार लहान होता आणि त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. मी मनात नलिनीबाईंना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो. एकही वाक्य पुरं होत नव्हतं. शेवटी सर्जन बाहेर आला आणि म्हणाला, आणखी दोन तासांत फुटलं असतं, आता ठीक आहे, पाणी इतक्यात देऊ नका. कुंदा रडली. मी त्याला उभ्या उभ्या तीन वेळा थँक्यू म्हटलं.

एका पेशंटला भेटायला एकच पास, असा तिथला नियम. पासावर नातं लिहीत. माझ्या पासावर मामा होतं. दोन दिवस मी तो दाखवून आत बाहेर करत होतो आणि दारावरचा वॉचमन मला मामा म्हणूनच ओळखू लागला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेजेचा डबा घेऊन पोचलो तर दारात गलका चालला होता. नलिनीबाई आल्या होत्या, रात्रभर एसटीत बसून. आई म्हणून त्यांना लगेच आत सोडलं होतं. त्यांच्याबरोबरचा माणूस मात्र बाहेर अडकला होता. उंच, काळाभोर, धोतर आणि शर्ट, खांद्यावर पिशवी. तो वॉचमनला सांगत होता की तो मुलीचा मामा आहे, आणि वॉचमन त्याला सांगत होता की मुलीच्या मामांना तो चांगला ओळखतो.

"हे बघा आलेच मामा," वॉचमन म्हणाला आणि माझ्या हातातून पास काढून घेतला. एका पेशंटचे दोन मामा झाल्यावर कोण खरा ते ठरेपर्यंत पास त्याच्याकडे राहणार होता.

धोंडूने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मामा मी," तो म्हणाला. "ह्ये खंयचे?"

त्याला बाकावर बसवून मी सांगायला सुरुवात केली. तार, पेपर, डॉक्टर, इथवर ठीक होतं. पण मी मामा असं का लिहिलं हे सांगायचं म्हणजे अंकल सांगावं लागत होतं, आणि अंकल सांगायचं म्हणजे मागे मागे जात मी थेट रोमला पोचलो. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, चौदा तास एसटीत बसून आलेल्या माणसाला मी अवुंकुलुस सांगत होतो. आईच्या भावाला वेगळा शब्द, बापाच्या भावाला वेगळा, आणि मग दोघांचा मिळून एक अंकल झाला, हे. मला स्वतःचीच लाज वाटत होती, पण थांबता येत नव्हतं. त्याच्या जागेवर मी सही केली होती. त्याला काहीतरी पटेल असं कारण द्यायला हवं होतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे सही तुमी केलात."

"हो."

"कायव झाला असता तर तुमच्यार इला असता."

"हो."

त्याने आपले हात उलटसुलट करून पाहिले. जाड, भेगाळलेले हात होते. मग म्हणाला, "सही करताना हात थरथरलो?"

हे मी कुंदालाही सांगितलं नव्हतं. खाडाखोडीपाशी जी दुसरी सही घेतली ती खाडाखोडीसाठी नव्हती. पहिली सही मला स्वतःला वाचता येत नव्हती. मी म्हटलं, "थरथरला."

धोंडूने मान हलवली. एवढ्यात नलिनीबाई बाहेर आल्या. रडून डोळे सुजले होते, पण चेहरा निवांत होता. त्यांनी माझे हात धरले. मग म्हणाल्या, "भाऊ, ती तुमका बोलावता. गणिताच्या चुकलेल्या पेपराचा कायतरी विचारूचा म्हणता. परत घेतले तर काय करूचा, असा."

धोंडू आणि मी दोघेही उठलो. मी त्याला म्हटलं की तुम्ही आधी जा, तुम्ही लांबून आला आहात. वॉचमन पास हातात धरून उभा होता आणि त्याला निकाल हवा होता. धोंडू त्याच्यापाशी गेला. त्याच्या हातातून पास घेतला, माझ्या हातात ठेवला आणि मला दाराकडे ढकललं.

"ह्येच मामा," तो वॉचमनला म्हणाला. "ह्येंका सोड. मी मागसून जातंय."

वॉचमनचं समाधान झालं नाही. इतका वेळ ज्याच्याशी वाद घातला तो असा एकदम माघार घेतो, याचा त्याला संशय आला. त्याने धोंडूला अडवून विचारलं, "हे मामा, तर मग तुम्ही मुलीचे कोण?"

धोंडू बाकावर जाऊन परत बसला. पिशवी मांडीवर घेतली, पाय लांब केले, आणि माझ्याकडे पाहत अगदी शांतपणे म्हणाला,

"मी? मी अंकल."